तीन इंचांचं भांडण आणि चोवीस फूट

मागच्या आठवड्यात ऑफिसच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. 'जगातल्या सर्वात अरुंद इमारती, सातवी बघून थक्क व्हाल!' छापाचा. दहा फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ, आणि त्याखाली आपल्या लोकांचे हसरे चेहरे आणि टाळ्या. एकाने लिहिलं, 'आमच्या टू बीएचकेचा हॉल याहून मोठा आहे, पहिल्यांदाच श्रीमंत वाटतंय.' मीही हसलो. खोटं कशाला बोलू.

पण त्यातला तिसरा फोटो ओळखीचा निघाला. व्हँकुव्हरच्या चायनाटाऊनमधली 'सॅम की बिल्डिंग'. ऑनसाईटला तीन महिने तिथे होतो तेव्हा एका रविवारी मी तिच्यासमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेतला होता, हात दोन्ही बाजूंना पसरून, म्हणजे बघणाऱ्याला माप कळावं. तो फोटो घरी पाठवला. आईने मामाला दाखवला. मामाने फोटो बघून एवढंच विचारलं, "रस्ता रुंद झाला असेल ना तिथे?"

मी फोटो काढण्याआधी ना काही वाचलं होतं, ना मला हा प्रश्न पडला होता. आणि मामाचं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं.

आजचा सगळा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. थोडा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी व्हँकुव्हरची गोष्ट. पेंडर स्ट्रीट आणि कॅरल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ही दुमजली इमारत आहे. बांधली १९१३ साली. तळमजल्याची रुंदी ४ फूट ११ इंच. (खरं तर रुंदी म्हणणं चूक आहे. रस्त्याच्या कडेने ती चांगली लांबलचक आहे, तिला आत जायला जागा नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर खोलीला खोलीच नाही.) 'सॅम की' हे कुणा माणसाचं नाव नव्हे, ते एका व्यापारी पेढीचं नाव. पेढीचा मालक चांग टॉय. चीनमधून आलेला, आणि त्या काळच्या चायनाटाऊनमधला बडा व्यापारी. आयात-निर्यात, कारखान्यांना मजूर पुरवणं, हेरिंग मासे खारवून परदेशी पाठवणं, जागा-जमिनी, सगळ्यात हात.

या कोपऱ्यावर पेढीचा एक नेहमीसारखा, चांगला खोल प्लॉट होता. १९१२ च्या सुमारास महापालिकेने पेंडर स्ट्रीट रुंद करायला घेतला आणि प्लॉटचे २४ फूट रस्त्यात गेले. मागे उरली जेमतेम पाच-सहा फुटांची पट्टी. तिचं काही होणार नाही, झक मारत शेजाऱ्याला मिळेल त्या भावात द्यावी लागेल, अशीच सगळ्यांची समजूत. चांग टॉयने दिली नाही. ब्राऊन आणि गिलॅम नावाच्या आर्किटेक्टांकडून त्या पट्टीवर पोलादी सांगाड्याची इमारत बांधून घेतली.

आता गंमत बघा. तळमजला पाच फुटांपेक्षा कमी. मग वरच्या मजल्याला रस्त्याच्या बाजूने बाहेर आलेल्या खिडक्या काढल्या, त्यामुळे वर सहा फूट मिळाले. म्हणजे फुटपाथच्या डोक्यावर. आणि तळघर खोदलं ते थेट फुटपाथच्या खाली पसरवलं. तिथे सार्वजनिक न्हाणीघर काढलं. उजेडासाठी फुटपाथमध्ये जाड काचा बसवल्या. वरून नेलेली जागा या गड्याने थोडी डोक्यावरून आणि थोडी पायाखालून परत वापरायला घेतली. मला विचाराल तर ही इमारत अरुंद आहे हे तिच्याबद्दलचं सर्वात कंटाळवाणं वाक्य आहे.

या इमारतीबद्दल एक पैजेची दंतकथाही सांगतात. कुणीतरी म्हणे हजारो डॉलरची पैज लावली की या पट्टीवर इमारत होणारच नाही. पर्यटकांना ही गोष्ट फार आवडते. आवडणारच. पैज म्हटलं की हा दोन हौशी माणसांचा खेळ होतो. महापालिका, नकाशा, ठराव, नुकसानभरपाई हे सगळे कंटाळवाणे शब्द गोष्टीतून गायब होतात.

ते कंटाळवाणे शब्द परत आणू. चांग टॉयचे २४ फूट ज्या नगरसेवकांनी रस्त्यात घेतले, त्यांना निवडून देण्याचा किंवा पाडण्याचा हक्क त्याला नव्हता. व्हँकुव्हर शहराची स्थापना १८८६ ची, आणि चिनी वंशाच्या माणसांना शहराच्या निवडणुकीत मत मिळालं ते १९४९ मध्ये. चीनमधून येणाऱ्या माणसाला कॅनडात उतरताना डोईपट्टी भरावी लागे. १८८५ मध्ये ५० डॉलर, १९०० मध्ये १००, १९०३ पासून ५००. सप्टेंबर १९०७ मध्ये गोऱ्या जमावाने याच चायनाटाऊनमध्ये दगडफेक करत दुकानांच्या काचा फोडल्या होत्या. १९२३ मध्ये तर चिनी स्थलांतर जवळजवळ बंदच करणारा कायदा आला, तो १९४७ पर्यंत टिकला. हे सगळं त्या दहा फोटोंखालच्या एका ओळीत कुठे बसणार?

बरं, त्याच फॉरवर्डमध्ये पाचवा फोटो अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा होता. तिथल्या फोर्ब्स ॲव्हेन्यूवर 'स्किनी बिल्डिंग' आहे, तीन मजली, १९२६ सालची, रुंदी ५ फूट २ इंच. ती का अरुंद? ओळखा पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथलाही रस्ता रुंद झाला आणि ही चिरफळी उरली.

या दोन शहरांत एक जुना वाद आहे. व्हँकुव्हरवाले म्हणतात आमची ४ फूट ११ इंच, तुमची ५ फूट २ इंच, म्हणजे आम्हीच पहिले. पिट्सबर्गवाले म्हणतात तुमची फक्त तळमजल्याला अरुंद आहे, वर सहा फूट होते. आमची खालपासून वरपर्यंत तेवढीच. तांत्रिकदृष्ट्या दोघांचंही म्हणणं बरोबर. पण या भांडणाचा विषय काय, तर तीन इंच. तीन इंचांवर दोन शहरं विक्रमासाठी भांडताहेत, आणि रस्त्यात गेलेल्या २४ फुटांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. माझा राग या हिशोबावर आहे. उरलेलं मोजायचं आणि गेलेलं मोजायचंच नाही.

न्यूयॉर्कमधल्या एका कुटुंबाने मात्र गेलेलं मोजलं होतं. मॅनहॅटनच्या सेव्हन्थ ॲव्हेन्यूचा विस्तार आणि भुयारी रेल्वे यांसाठी १९१० च्या दशकात हेस कुटुंबाची पाच मजली इमारत गेली. पुढे कळलं की मोजणीत एक त्रिकोण सुटलाय. बाजू जेमतेम दोन-सव्वादोन फुटांच्या. शहर म्हणालं, तेवढा देऊन टाका, फुटपाथमध्ये घेतो. कुटुंब म्हणालं, नाही. १९२२ मध्ये त्यांनी त्या त्रिकोणावर फरशीचे रंगीत तुकडे बसवून लिहून ठेवलं की ही जागा हेस कुटुंबाची असून सार्वजनिक कामासाठी कधीच दिलेली नाही. १९३८ मध्ये त्यांनी तो शेजारच्या सिगारच्या दुकानाला विकला. फरशी अजून तिथेच आहे. लोक तिच्यावरून चालतात, फोटो काढतात, 'कसला हट्टी म्हातारा' म्हणून हसतात. मला त्यात हट्टापेक्षा पावती जास्त दिसते. पैशाची नव्हे, घेतल्याची पावती.

आता तुम्ही म्हणाल, काय रे बाबा, शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशातल्या व्यापाऱ्यांसाठी तुझा रविवार कशाला खराब करतोस?

त्याचं कारण म्हणजे मामाची पट्टी.

आमच्या मामाचं दुकान एका जुन्या पेठेत आहे. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तुमच्या शहराचं घाला, चालेल. पूर्वी खाली दुकान, मागे स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, अशी वास्तू होती. समोरून १४ फूट, आत २८ फूट. २००८ साली, मी पाचवीत असताना, रस्ता रुंद झाला. २८ पैकी २१ फूट रस्त्यात गेले. उरले ७. गुणाकार तुम्हीच करा, १४ गुणिले ७ म्हणजे ९८ चौरस फूट, त्यातून भिंतींची जाडी वजा. मामाने कापलेल्या बाजूला विटांची भिंत घातली, शटर लावलं, वर पत्रे टाकले आणि झेरॉक्स-स्टेशनरी सुरू केली. राहायला सगळे भाड्याच्या घरात गेले. घरात तेव्हापासून त्या दुकानाला कुणी दुकान म्हणत नाही. 'दादा पट्टीत बसलाय', 'जेवण पट्टीत पोचव', असंच आई बोलते.

आणि मी काय केलं होतं माहितीये? कॉलेजात असताना मी त्याच पट्टीचा फोटो 'इंडियाज नॅरोएस्ट झेरॉक्स शॉप' म्हणून टाकला होता. दीडशे लाईक. मामाने बघितला होता. काही बोलला नव्हता.

असो. भावनेचं बाजूला ठेवू आणि मुद्द्यावर येऊ. माझे तीन मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा. अर्धवट कापलेली इमारत हा नशिबाचा भाग नाही, तो कायद्यातला पर्याय न वापरल्याचा परिणाम आहे. इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यातसुद्धा ४९ वं कलम होतं. घराचा किंवा इमारतीचा फक्त तुकडा सक्तीने घेता येणार नाही. मालक म्हणाला की घ्यायची तर सगळी घ्या, तर सगळीच घ्यावी लागेल. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातही हीच तरतूद ९४ व्या कलमात आहे. म्हणजे 'मला पाच फूट देऊन मोकळे होऊ नका' असं म्हणायचा हक्क आपल्याकडे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ कागदावर आहे.

मग मामाला तो का मिळाला नाही? कारण शहरातली रस्तारुंदी बहुतेक वेळा या दारातून येतच नाही. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमात आयुक्ताला 'रस्त्याची नियमित रेषा' ठरवायचा अधिकार आहे. १९६६ च्या नगररचना अधिनियमाच्या १२६ व्या कलमात जागा घ्यायचे तीन मार्ग आहेत: करार करून पैसे देणं, एफएसआय किंवा टीडीआर देणं, आणि रीतसर भूसंपादन. पहिले दोन स्वस्त आणि झटपट. आणि 'करार' झाला म्हणजे ती सक्ती नाही, आणि सक्ती नाही म्हणजे 'सगळी घ्या' म्हणायची वेळच येत नाही. मामाने सही केली तेव्हा समोर बसलेल्या साहेबाने हे कलम सांगितलं नाही. सांगायला तो बांधील होता का, हा प्रश्न वकिलांवर सोडतो. माणूस म्हणून सांगायला हवं होतं.

"पण टीडीआर मिळाला ना!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता तोंडपाठ झालंय. मिळाला. टीडीआर म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा कागदी हक्क. बांधणार कुठे? ९८ चौरस फुटांवर? ज्याच्याकडे दुसरीकडे प्लॉट आहे, त्याला तो हक्क कामाचा. बाकीच्यांनी तो बिल्डरला विकायचा. एवढासा कागद घेऊन बाजारात गेलं की भाव कोण ठरवणार, हे सांगायला इंजिनियर असायची गरज नाही.

दुसरा मुद्दा. जागा घ्या एक वेळ. पण मग जी उरली ती वापरू तरी द्या! मामाच्या पट्टीचे पत्रे गंजलेत. खालचे लाकडी वासे वाळवीने खाल्लेत. त्याने दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं की उर्वरित भूखंड बांधकामास अयोग्य आहे, सामासिक अंतर सुटत नाही. आता सात फुटांत पुढे-मागे अंतर सोडलं तर मध्ये फक्त शटर उभं राहील, ते या कारकुनालाही कळत असणार. पण नियम म्हणजे नियम. बरं, बांधकामास अयोग्य असलेली ही जागा मिळकतकराला मात्र एकदम योग्य आहे. बिल दरवर्षी येतं. बिगरनिवासी दराने.

पोलंडमध्ये वॉर्सॉला एक घर आहे, 'केरेत हाऊस'. जुनी इमारत नाही ती, २०१२ साली दोन इमारतींच्या मधल्या फटीत बसवलीय. सर्वात अरुंद जागी ९२ सेंटीमीटर, सर्वात रुंद जागी १५२. बांधकामाच्या नियमात ते घर म्हणून बसत नव्हतं, म्हणून त्याला 'कलाकृती' म्हणून मान्यता मिळवली. माणूस आत राहू शकतो, झोपू शकतो, पण कागदावर ते शिल्प! मला याचा राग येत नाही, उलट कौतुक वाटतं. ठरवलं की नियमाला वाट काढता येते हे त्यातून कळतं. प्रश्न एवढाच की ती वाट लेखक-कलावंतांच्या प्रकल्पासाठी सापडते आणि झेरॉक्सवाल्याच्या गळक्या पत्र्यासाठी सापडत नाही.

आणि असं समजू नका की अशा पट्ट्या निरुपयोगी असतात. सॅम की बिल्डिंग पुढे मोडकळीला आली होती. ऐंशीच्या दशकात एका स्थानिक विमा व्यावसायिकाने ती घेतली आणि १९८६ मध्ये दुरुस्त करून तिथे आपली कचेरी थाटली. विम्याच्या कचेरीला काय लागतं? टेबल, कागदपत्रं, आणि रस्त्यावरून आत डोकावणारं गिऱ्हाईक. खोली नसलेल्या इमारतीत दर्शनी भागच दर्शनी भाग असतो, तो धंद्याला सोन्यासारखा. मामाच्या पट्टीतही तेच. एकही वही, एकही पेन गिऱ्हाइकाच्या हातापासून सात फुटांच्या पलीकडे नाही. चावीवाला, घड्याळवाला, चष्मेवाला, फुलवाला, शिंपी, चहावाला. आपल्या पेठांमध्ये असे कितीतरी धंदे आहेत ज्यांना रस्ता लागतो, खोली लागत नाही. मग अशा उरलेल्या तुकड्यांसाठी वेगळा, छोटा, सोपा नियम करायला काय हरकत आहे? एक किंवा दोन मजले, शेजाऱ्याशी सामाईक भिंत, पुढे-मागे अंतराची अट नाही, जिना आणि आगीची काळजी तेवढी कडक. सहा फुटांत तीन फुटांचा जिना घातला की निम्मी जागा जाते, म्हणून वरच्या मजल्याचं गणित बसवणं अवघड आहे हे मान्य. शेजाऱ्याने आपली बाजू पाडली की सामाईक भिंतीचा आधार जातो, हेही मान्य. पण हे प्रश्न इंजिनियरने सोडवायचे आहेत, बाद करायचं कारण म्हणून वापरायचे नाहीत.

तिसरा मुद्दा तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी, आणि तो सगळ्यात जास्त टोचणारा. आपल्याला जुन्या इमारतींचा 'रीयूज' फार आवडतो. उघड्या विटा, पिवळे दिवे, पाटीवर मुद्दाम जुन्या वळणाचं अक्षर, आणि तीनशे रुपयांची कॉफी. उद्या मामाची पट्टी कुणी घेऊन तिथे 'द सेव्हन फीट कॅफे' काढला तर आपला ग्रुप पहिल्या शनिवारी तिथे हजर असेल. मीही असेन. पण त्या कॅफेत सात फूट ही सजावट असेल. २१ फूट कुठे गेले हे भिंतीवर कुठेही लिहिलेलं नसेल.

सॅम की बिल्डिंग वाचली याचा मला आनंद आहे, पण ती कशी वाचली हेही नीट बघा. १९६७ मध्ये याच चायनाटाऊनमधून, याच कॅरल स्ट्रीटच्या बाजूने मोठा फ्रीवे न्यायचा घाट घातला गेला होता. म्हणजे परत रस्ताच. त्या वेळी चायनाटाऊनची माणसं आणि शहरातले इतर बरेच लोक रस्त्यावर उतरले आणि तो बेत हाणून पाडला. शेजारच्या हॉगन्स ॲली या कृष्णवर्णीय वस्तीचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. तिच्यातला मोठा भाग पुलांसाठी पाडला गेला. १९७१ मध्ये चायनाटाऊनला ऐतिहासिक भाग म्हणून संरक्षण मिळालं. २०१८ मध्ये शहराने तिथल्या नव्या इमारतींच्या उंचीवर आणि रुंदीवर मर्यादा घातल्या, म्हणजे बारके प्लॉट गिळून ठोकळे उभे राहू नयेत. आणि त्याच वर्षी २२ एप्रिलला व्हँकुव्हर शहराने चिनी नागरिकांशी केलेल्या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. इमारत 'क्यूट' होती म्हणून टिकली नाही. भांडणारी माणसं होती, नियम बदलायला लावणारी माणसं होती, आणि तिच्यात चालू असलेला एक धंदा होता.

आता माझ्याच म्हणण्यावर दोन आक्षेप मीच घेतो, म्हणजे कॅन्टीनमध्ये परत वाद नको.

एक, रस्ते रुंद करायचेच नाहीत का? करायचे की. आमच्या पेठेत पूर्वी ॲम्ब्युलन्स आत शिरत नव्हती. आज शिरते. आजोबांना ॲटॅक आला तेव्हा तो रुंद रस्ता नव्हता, आणि त्यांना खुर्चीत बसवून चौकापर्यंत उचलून न्यावं लागलं होतं, हे मामाच मला सांगतो. तो रस्त्याच्या विरोधात कधीच नव्हता. रस्ता सगळ्यांचा होतो आणि किंमत एका रांगेतल्या चाळीस दुकानदारांनी मोजायची, एवढ्याच गोष्टीला विरोध आहे.

दोन, चांग टॉय गरीब नव्हता. अगदी बरोबर, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. त्याच्याकडे पैसे होते, वकील होता, आर्किटेक्ट होते, पोलाद घ्यायची ऐपत होती. म्हणून त्याची पट्टी इमारत झाली आणि आपल्याला फोटोत दिसते. ज्यांच्याकडे यातलं काही नव्हतं त्यांच्या पट्ट्या शेजाऱ्याने गिळल्या, आणि त्यांचा फोटो नाही. आपल्या क्षेत्रात याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजून चिलखत कुठे लावायचं ते ठरवायचं नसतं, हे आपण सगळे ट्रेनिंगमध्ये शिकलोय. मग दहा टिकलेल्या इमारती बघून 'अरुंद जागेतही माणूस कसा मस्त जुगाड करतो' असा निष्कर्ष कसा काढतो? दहा टिकल्या. न टिकलेल्या किती, ते त्या फॉरवर्डमध्ये नव्हतं.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. मागच्या प्लॉटवाल्या बिल्डरने परत निरोप पाठवलाय, पट्टी द्या, एकरकमी देतो. पट्टी मिळाली की त्याच्या इमारतीला थेट रस्त्यावर तोंड मिळतं. म्हणजे ज्या सात फुटांची महापालिकेच्या लेखी किंमत शून्य, त्यांची किंमत बिल्डरला बरोब्बर माहिती आहे. मामा साठीला आलाय, पत्रे यंदाचा पावसाळा काढतील असं वाटत नाही. आई म्हणते, "दादा, दे आता, किती ओढशील." मी काय म्हणणार? पुण्यात एसीत बसून 'विकू नकोस' सांगायला माझं काय जातंय?

मी फक्त त्याला विचारलं की तुझ्या मनात काय आहे. तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि समोर हात केला. "तो डिव्हायडर दिसतो? त्याच्या अलीकडे ते गटाराचं झाकण आहे ना, तिथे तुझ्या आज्जीची चूल होती. देईन रे, द्यावीच लागेल. पण निदान कुणीतरी एकदा दुरुस्तीला हो म्हणायला हवं होतं. मग नाही म्हणायचं की नाही, ते मी ठरवलं असतं."

बास. मी त्याच्यासाठी नव्याने अर्ज लिहिलाय, दुरुस्तीच्या परवानगीचा, दोन कलमं आणि एक साधा नकाशा जोडून. नकाशात उरलेले ७ फूट काळ्या रेघेने दाखवलेत आणि गेलेले २१ फूट तुटक रेघेने. आर्किटेक्ट मित्र म्हणाला, "तुटक रेघेची गरज नाही, ती जागा आता तुमची नाही." मी म्हटलं, राहू दे. अर्ज फेटाळायचा असेल तर निदान ती रेघ बघून फेटाळू दे.

आणि कॉलेजातला तो दीडशे लाईकवाला फोटो मी काढून टाकलाय. ऑफिसच्या ग्रुपवर त्या फॉरवर्डखाली एकच ओळ लिहिली: 'यातल्या दोन इमारती रस्ता रुंद करताना उरलेल्या आहेत, एकीचे २४ फूट गेले होते.' त्यावर दोन अंगठे आले, आणि लगेच कुणीतरी मांजराचा व्हिडिओ टाकला. चालायचंच. पण रात्री एका कलीगचा वेगळा मेसेज आला. तिच्या आजोळची कापडाची पेढी, तिचे ९ फूट उरलेत म्हणे. कलम कुठलं ते विचारत होती.

९४. लिहून ठेवा.